काळ्या चौकोनाची तपासणी

परळमधील एका रुग्णालयाने सीटी स्कॅनच्या प्रतिमा कूटबद्ध करण्यासाठी केऑस सिद्धांतावर, म्हणजे सुरुवातीच्या क्षुल्लक फरकातून पार वेगळे निकाल देणाऱ्या गणितावर, आधारलेली प्रणाली घेण्याचे ठरवले आणि खरेदीपूर्वीची तपासणी आमच्याकडे आली. अशा कामात बराच वेळ विक्रेत्याची कागदपत्रे वाचण्यात जातो. तो भाग सोडून देतो.

रचना ओळखीची होती. १९९८ मध्ये संशोधक जेसिका फ्रिड्रिख यांनी मांडलेल्या आराखड्याप्रमाणे आधी पिक्सेलांच्या जागा बदलायच्या आणि मग त्यांची मूल्ये. जागांसाठी अर्नोल्डचा कॅट मॅप होता, म्हणजे दर फेरीत चित्र तिरके ताणून, कापून, तुकडे पुन्हा चौकोनात बसवणारा नियम; मूल्यांसाठी लॉजिस्टिक मॅप, म्हणजे आधीच्या आकड्यावरून पुढचा काढणारे सूत्र, आणि त्यातून निघणारी आकड्यांची माळ. सुरुवातीच्या आकड्यात पंधराव्या दशांशस्थळी फरक केला, तरी पन्नासेक पायऱ्यांत ती माळ पार वेगळी होते, हा तिचा खरोखर देखणा गुण. विक्रेत्याच्या अहवालात एन्ट्रॉपी, म्हणजे पिक्सेलांची मूल्ये किती विखुरली आहेत याचे माप, आठपैकी ७.९९ दाखवली होती, आणि पडद्यावर छातीच्या जागी राखाडी मुंग्या दिसताच खरेदी समितीने समाधानाने माना डोलावल्या. मुंग्या पाहून सुरक्षिततेचा निवाडा करण्याची खोड या विषयावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांनाही आहे, तेव्हा डॉक्टरांना काय बोलणार!

मी प्रणालीला ५१२ × ५१२ पिक्सेलांचा निव्वळ काळा चौकोन दिला. काळ्या चित्रात जागा कितीही बदलल्या तरी चित्र काळेच राहते, आणि काळ्याचे मूल्य शून्य. माळ मूल्यांत मिसळायची ती एक्सऑर या बिटांच्या क्रियेने, जी तीच माळ पुन्हा चालवली की उलटते; शून्याशी एक्सऑर केले की बाहेर पडते ती खुद्द माळच. प्रत्येक प्रतिमेला किल्ली, म्हणजे माळ ठरवणारा गुप्त आकडा, तीच असल्यामुळे ही माळ दुसऱ्या रुग्णाच्या कूटबद्ध स्कॅनवर चालवताच मूल्यांचा थर निघून गेला. उरलेला कॅट मॅप आवर्ती असतो. या आकाराच्या चौकोनात ३८४ फेऱ्यांनंतर प्रत्येक पिक्सेल मूळ जागी परततो, म्हणून किल्ली न शोधता फक्त फेऱ्या पुढे नेत राहिलो. बराच वेळ मुंग्याच होत्या, मग तिरके ताणलेले, कापले गेलेले पट्टे आले आणि पुढच्याच फेरीत बरगड्या आणि पाठीचा कणा स्पष्ट उमटला.

एईएस ही कूटबद्ध करण्याची पद्धत २००१ पासून अधिकृत मानक आहे; तीच, मजकुरातील फेरफारही पकडणाऱ्या जीसीएम प्रकाराने, प्रत्येक प्रतिमेला नवा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) देऊन वापरावी, असे मी अहवालात लिहिले. समितीला ते फारच साधे वाटले असावे. इतिवृत्तात नोंद झाली ती एवढीच, की विक्रेत्याने किल्लीची लांबी दुप्पट करावी. काळा चौकोन किल्लीला हातच लावत नाही, हे मी बैठकीत दोनदा सांगितले होते, आणि विक्रेत्याच्या तरुण अभियंत्याने ते लगेच ओळखलेही होते. तो मात्र बैठकभर गप्प बसला.