तीस मिलिग्रॅम

भाताची लावणी आटोपत आली होती आणि आमच्या अतिदक्षता विभागात लेप्टोचे (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण वाढू लागले होते. त्या रात्री आलेले साठीचे शेतकरी चार दिवस तापाने फणफणत होते. डोळे लाल-पिवळे झालेले, थुंकीतून रक्त पडत होते, श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात आणि मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन देऊनही रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता 86 टक्क्यांच्या वर जात नव्हती. श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावणे अटळ होते. मात्र नाडी 136 आणि वरचा रक्तदाब 84, हे आकडे मला त्यांच्या फुप्फुसांपेक्षाही अधिक भेडसावत होते.

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने नळी घालण्याआधी भूल देण्यासाठी सवयीने प्रोपोफॉल भरून ठेवले होते. नियोजित शस्त्रक्रियेला ते उत्तमच, पण रक्तवाहिन्या सैल करून ते रक्तदाब पाडते, म्हणून ती सिरिंज मी बाजूला ठेवायला लावली. इटोमिडेट हे दुसरे भुलीचे औषध हृदयाला फारसा धक्का लावत नाही, परंतु त्याच्या एका मात्रेनेही अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल या ताणाला तोंड देणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती काही काळ दबते. जंतुसंसर्गाने खचलेल्या माणसात मला ते नको होते. मी तिसरे भुलीचे औषध, केटामीन, निवडले.

ते रक्तदाब सांभाळते असे आम्ही सगळेच शिकलो आहोत. हा सांभाळ शरीराने स्वतःची ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सोडण्यावर अवलंबून असतो, आणि चार दिवस झुंजलेल्या शरीरात ती गंगाजळी आटलेली असू शकते. मग हृदयाचे आकुंचन दुबळे करण्याचा केटामीनचा मूळ गुण उघडा पडतो. म्हणून आधी रक्तदाब चढवणारे नॉरॲड्रेनॅलिन सुरू केले, पातळ केलेले ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवले, आणि 55 किलोंच्या या रुग्णाला एरवीच्या ऐंशीऐवजी 30 मिलिग्रॅमच केटामीन दिले. स्नायू शिथिल करणारे रोक्युरोनियम मात्र पूर्ण 70 मिलिग्रॅम, कारण रक्ताभिसरण मंद असताना स्नायू शिथिल होण्यास वेळ लागतो. ‘काका, आता झोप येईल,’ एवढे सांगितले आणि औषध सोडले.

नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. तरीही रक्तदाब 66 वर उतरला! ॲड्रेनॅलिनच्या दहा-दहा मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रांनंतर तो 98 वर आला.

पुढे 2025 मध्ये नळी घालताना केटामीन द्यावे की इटोमिडेट, या अमेरिकेतील 2,365 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले : 28 दिवसांतील मृत्यू केटामीन गटात 28.1 टक्के, इटोमिडेट गटात 29.1 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण नळी घालताना रक्ताभिसरण कोसळण्याचे प्रमाण केटामीन गटातच अधिक, 22.1 विरुद्ध 17 टक्के. आज तोच रुग्ण आला तर मी बहुधा इटोमिडेट उचलीन. नॉरॲड्रेनॅलिन मात्र तेव्हाही आधीच सुरू करीन.

त्या रात्री दुसरीच चिंता होती. एवढ्या कमी केटामीनचा अंमल काही मिनिटांत ओसरतो आणि रोक्युरोनियमचा तासभर तरी टिकतो. हलता येत नाही पण जाग आहे, अशी अवस्था येऊ नये म्हणून रक्तदाब सावरताच वेदना शमवणारे फेंटानिल आणि झोप आणणारे मिडाझोलाम सुरू केले. सहाव्या दिवशी नळी निघाली. आवाज फुटल्यावर मी त्यांना मुद्दाम विचारले, काय आठवते?

‘तुम्ही काका म्हणालात, तेवढं,’ ते म्हणाले. ‘पुढचं काही नाही.’