भिवापूरची मिरची अन् हंगेरीचं सेगेड

हिवाळा सरता सरता आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे या, सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, लाल मिरची पसरलेली अन् बाया सकाळपासून देठ खुडत बसलेल्या. माय पण जाते. संध्याकाळी घरी आली की बोटांची आग थांबावी म्हणून खोबरेल तेल चोळत बसते, तेव्हाच तिला मोबाईलवर एक फोटो दाखवला, घराच्या भिंतीवर वरून खालपर्यंत मिरचीच्या माळा. ती म्हणे, "पवनीकडचं व्हय का रे?" म्हटलं नाही माय, हंगेरीतलं सेगेड.

हे शहर हंगेरीच्या दक्षिणेला, टिसा नदीच्या काठावर आहे. तिथली मिरची म्हणजे पाप्रिका, आधी तीही तिखटच होती, मग बाया हातानं चिरून आतल्या शिरा अन् बिया काढायच्या म्हणजे तिखटपणा कमी व्हायचा. तिथल्याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-जॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांना संशोधनासाठी व्हिटॅमिन सी भरपूर पाहिजे होतं अन् ते सापडलं कशात तर ह्याच मिरचीत! 1937 ला त्यांना नोबेल मिळालं. मला हे वाचून लय आनंद झाला, आपल्या सातऱ्यावरच्या ढिगाकडे पाहायची नजरच बदलली.

पण माय अडकली ती पुरावर. 11-12 मार्च 1879 च्या रात्री टिसाचं पाणी अडवणारा बांध फुटला अन् पाणी झोपलेल्या शहरात घुसलं, घरं बहुतेक कच्च्या मातीच्या विटांची, भिजली की बसलीच. साडेपाच हजारांवर घरांपैकी तीनशेही उभी राहिली नाहीत, दीडशेच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे हे सांगायची गरज पडत नाही, 1991 चा मोवाडचा पूर अजून लोक विसरले नाहीत.

माय लगेच म्हणे, "मंग लोकायले घरं भेटले का?"

भेटले. नुसती घरं नाही, अख्खं शहर नव्यानं आखलं, लायोश लेख्नर नावाच्या इंजिनियरनं. शहराभोवती गोल बांध, रस्ते भर टाकून उंच केले, मधून गोल-गोल रिंग रोड अन् त्यांना कापणारे सरळ रस्ते, अन् हे सगळं मोठं काम चार-पाच वर्षांत. ऑस्ट्रिया-हंगेरीचा बादशाह फ्रान्झ जोसेफ पुरानंतर येऊन गेला होता, तो 1883 ला परत आला तेव्हा नवं शहर उभं होतं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की बाहेरच्या रिंग रोडच्या तुकड्यांना मदत पाठवणाऱ्या शहरांची नावं दिली, रोम, पॅरिस, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, ब्रुसेल्स, मॉस्को. आजही तीच नावं आहेत.

मायचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला बरेच वर्षं झाले. पुनर्वसनात प्लॉट मिळाला, नळाला पाणी यायला मात्र लय वाट पाहावी लागली, अन् आजही तिथं मामाचा पत्ता म्हणजे प्लॉट नंबरच. मायनं तेलाचा हात पदराला पुसला, मोबाईल घेतला अन् त्या रस्त्यांची नावं मला परत एकदा वाचून दाखवायला लावली.