चावलेला गळा

कपाट आवरायला घेतले की ते आवरून होत नाही. परवा दुपारी तळच्या खणातून जुन्या टी-शर्टांचा गठ्ठा निघाला आणि त्यांची गोधडी शिवण्याचा, दरवर्षी पुढे ढकललेला बेत पुन्हा समोर येऊन बसला.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. १२ इंचांचे २० चौकोन, चार आडवे आणि पाच उभे, म्हणजे चार फूट रुंद आणि पाच फूट लांब गोधडी. शिवणीत प्रत्येक बाजूने अर्धा इंच जाणार, म्हणून तुकडा १३ इंचांचा कापायचा. अडचण कापडाची आहे. टी-शर्टाचे कापड मागावर विणलेले नसते, स्वेटरासारखे फासे गुंफून केलेले असते. म्हणून ते ताणले जाते, आणि कापले की त्याची कड लगेच गुंडाळून घेते, जणू आपल्याला कापल्याचे त्याला आवडलेले नाही. त्यासाठी पाठीमागून इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर, म्हणजे शिवणकामातले फ्यूजिंग, आधी लावावे लागते आणि मगच नेमका चौकोन कापता येतो. इस्त्री छापलेल्या अक्षरांवर थेट फिरवली, तर रंग तिला चिकटतो. हे मला कसे कळले, ते सांगण्यासारखे नाही.

चौकोन ठरवताना मात्र एक गोष्ट मनाला टोचली. चौकोन काढायचा तो छातीवरचा, कारण छापलेले सगळे तिथेच असते: शिबिराचे नाव, स्पर्धेचे वर्ष, कुठल्याशा संमेलनाचे बोधचिन्ह. पण ज्या शर्टांवर असे काही छापलेले असते, ते आपण फारसे घातलेलेच नसतात. जे अंगाला चिकटून राहिले, झोपताना, आजारपणात, कुठे जायचे नसताना ज्यांनी साथ दिली, ते बहुधा कोरे असतात आणि गोधडीत त्यांना जागा मिळत नाही. शिवाय बाह्या आणि गळा कापून टाकायचे, आणि शर्ट खरा जगलेला असतो तो तिथेच. नाक पुसले जाते बाहीला, छातीवरच्या बोधचिन्हाला नाही.

गठ्ठ्याच्या तळाशी दादाचा करडा टी-शर्ट होता. तो त्याला आखूड झाला तेव्हा माझ्याकडे आला, आणि आला तोच चावलेल्या गळ्यासह. दादा अभ्यासाला बसला की गळ्याची पट्टी दातांत धरून गणिते सोडवत असे. ती ओली पट्टी, आईचे ओरडणे आणि पट्टी तोंडातून न काढताच त्याने दिलेले उत्तर मला अजून ऐकू येते. तो शर्ट मी पुढे कितीतरी वर्षे घातला. गळा सैल होऊन एका खांद्यावरून घसरायचा, तरी तो बदलावासा वाटला नाही. त्यावर एक अक्षरही नाही. त्याचा १३ इंचांचा चौकोन काढला, तर हाती एक करडे फडके उरेल आणि गळा कचऱ्यात जाईल.

कात्री बाजूला ठेवून मी दादाला फोन केला. टी-शर्ट त्याला आठवला. गळ्याचे सांगितल्यावर मात्र तो हसत सुटला. ‘‘मी कधी गळा चावला? अरे, ती खोड तुझी. तुला दिला तेव्हा शर्ट धड होता. आईचे ओरडणे खात होतास ते तूच.’’

आईला विचारले तर ती म्हणाली, तुम्ही दोघेही काहीही चावायचात.

एकोणीस चौकोन कापून झाले आहेत. विसावा तूर्त मी अंगात घातला आहे. गळा अजूनही खांद्यावरून घसरतो.