नॉरिस घराणं: बहीण नव्हतीच, साडू सापडला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आयझॅक नॉरिसच्या एका बहिणीचा शोध चालू आहे. तो बंद केला. रिचर्ड हिलला दिलेली ती बाई नॉरिसची बहीण नव्हेच, मेहुणी. तीन रविवार पाण्यात.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: नॉरिस हा फिलाडेल्फियाचा क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) व्यापारी. 1671 साली लंडनला जन्मला, लहानपणीच जमैकात गेला. 7 जून 1692 च्या भूकंपात पोर्ट रॉयल बंदराचा मोठा भाग समुद्रात गेला, त्यात बाप थॉमसही गेला. मग मुलानं फिलाडेल्फियात बस्तान बसवलं. त्याच्या व्यापारात गुलाम माणसांची विक्रीही होती; क्वेकर म्हटल्यावर आपण गुलामगिरीविरोधी चळवळ आठवतो, पण ती फार पुढची. मी याच्या मागे लागलो त्याला कारण साधं आहे: आम्ही राहतो ते नॉरिसटाउन याच घराण्याच्या नावाचं.

आता चूक कशी झाली ते. त्या काळच्या मृत्युपत्रांत आणि पत्रांत 'ब्रदर' हा शब्द सख्ख्या भावाला चालतो, सावत्राला चालतो, मेहुण्याला चालतो, साडूलाही चालतो. 'कझिन' तर कित्येकदा सरळ पुतण्या नाहीतर भाचा असतो. नॉरिसच्या कागदांत हिल 'ब्रदर' आहे, पण आडनाव वेगळं, तेव्हा सख्खा भाऊ नाही हे उघड होतं. म्हणून मी त्याला बहिणीचा नवरा धरलं आणि बहीण शोधत बसलो. साडू ही शक्यता डोक्यातच आली नाही. आपल्याकडे त्या नात्याला स्वतंत्र शब्द असून! आता वहीत इंग्रजी नातं उतरवतच नाही. समोर मराठीत लिहितो: मेहुणा? साडू? व्याही? प्रश्नचिन्हासकट. पुरावा मिळाला की प्रश्नचिन्ह खोडतो.

दुसरी अडचण बाईच्या आडनावाची. हिलची बायको लग्नाच्या वेळी हॅना डेलव्हल. मी डेलव्हल हे तिचं माहेर समजलो. ते निघालं पहिल्या नवऱ्याचं. जॉन डेलव्हल 1693 मध्ये वारला होता. माहेरची ती लॉइड. तिचा बाप थॉमस लॉइड हा वेल्शमन, पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या गैरहजेरीत तिथला कारभार बघणारा. शेवटी नॉरिसकडून वर चढायचं सोडलं आणि लॉइडकडून खाली उतरलो, तेव्हा गाठ सुटली. हॅना आधी डेलव्हलला, मग हिलला. रेचल सॅम्युएल प्रेस्टनला. मेरी आयझॅक नॉरिसला, 1694 मध्ये. हिल, प्रेस्टन, नॉरिस असे तीन साडू, आणि तिघेही आपापल्या वेळी फिलाडेल्फियाचे महापौर. आडनावं बघून हे तीन वेगळे पुढारी वाटतात. मुलींकडून बघितलं तर एकाच सासऱ्याचे जावई.

खरेदीखतांत बायका शोधताना एक लक्षात ठेवा. 'लिहून घेणार' म्हणून बहुधा नवरा एकटाच असतो. 'लिहून देणार' म्हटलं की बायको हजर, कारण जमिनीवरचा तिचा विधवा-हक्क सोडवून घेतल्याशिवाय घेणारा निश्चिंत होत नसे. म्हणून खरेदीच्या सूचीत वेळ घालवू नका, विक्रीची सूची आधी उघडा. हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे विकायला काढल्यावरच आठवण." आमच्या घराच्या खतावर तिचं नाव पहिलं आहे, हेही तिनं लगेच ऐकवलं.

स्कॅनमध्ये जे दिसतं ती मूळ खतं नव्हेत, कारकुनानं वहीत उतरवलेली नक्कल. लाखेची मोहोर होती तिथे त्यानं हातानं वाटोळं काढून आत 'एल. एस.' लिहिलेलं असतं. पहिल्यांदा मी ती कुणाची तरी आद्याक्षरं म्हणून टिपली होती. हसू नका. त्याचा अर्थ फक्त मोहोरेची जागा.

तारखांचं पुन्हा एकदा सांगतो, कारण मीच परत फसलो. क्वेकर लोक महिन्यांची रोमन देवतांवरून आलेली नावं टाळून नुसते आकडे लिहीत. 1752 पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. नॉरिस वारला 1735 सालच्या चौथ्या महिन्याच्या 4 तारखेला, म्हणजे 4 जून. मी 4 एप्रिल लिहून मोकळा, आणि एका सार्वजनिक वंशावळीतही तेच बघून खूश. चैत्रापासून महिने मोजणाऱ्यांच्या घरात वाढून ही चूक करावी म्हणजे कमाल आहे.

जमिनीच्या बाजूनं प्रगती बरी. संस्थापक पेनचा मुलगा, धाकटा विल्यम पेन, 1704 मध्ये वसाहतीत आला, गुत्त्यात मारामारी करून बदनाम झाला आणि त्याच साली परत गेला. जाण्याआधी ऑक्टोबरात त्यानं आपली 7,482 एकर जमीन नॉरिस आणि विल्यम ट्रेंट या दोघांना 850 पौंडांना विकली. एकरी जेमतेम सव्वादोन शिलिंग. 1712 मध्ये ट्रेंटनं आपला अर्धा हिस्सा नॉरिसला 500 पौंडांना दिला, म्हणजे 425 चे 500 करून बाजूला झाला. न्यू जर्सीतलं ट्रेंटन याच ट्रेंटचं. नॉरिसटाउन आज माँटगोमेरी काउंटीत येतं, पण हे कागद तिथे धुंडाळू नका. ती काउंटी झालीच 1784 मध्ये. त्याआधीचं सगळं फिलाडेल्फियाच्या वह्यांत.

मुलांपैकी बापाचंच नाव लावणारा आयझॅक सोपा आहे. तो असेंब्लीचा सभापती, 1751 मध्ये लंडनला घंटा मागवणारा, तीच पुढे लिबर्टी बेल झाली. त्याची मुलगी मेरी जॉन डिकिन्सनला दिली. म्हणजे इथेही आडनाव बदललं.

मला हवाय तो त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स. 1766 मध्ये तो गेला आणि 1771 मध्ये त्याच्या विधवेनं, मेरी पार्करनं, आजच्या नॉरिसटाउनची जागा जॉन बुलला विकली. तिची मुलगी डेबरा लोगन घराण्यात पडली. लोगनांच्या स्टेंटन या घराच्या माळ्यावर पेन आणि त्याचा चिटणीस जेम्स लोगन यांची कुजत चाललेली पत्रं तिला सापडली आणि ती तिनं पहाटे उठून उतरवून काढली. आपल्या छंदातली ही थोरली आत्याच म्हणायची.

येत्या रविवारी 1771 चं खत. अर्थात 'लिहून देणार'च्या सूचीतून.