ओढ्यातून बाहेर आलेली गाडी

मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचा, ड्रेन प्लग सैल केला तेव्हा आधी तेल आलेच नाही. साधारण अर्धा पेला पाणी आले, त्यात गंजाची बारीक तांबूस पूड होती, आणि त्यामागून जे ओघळू लागले त्याचा रंग दूध जास्त पडलेल्या कॉफीसारखा होता. चांगले गिअर ऑइल मधाच्या रंगाचे असते आणि जुने झाले की काळवंडते; दुधाळ होण्यासाठी मात्र त्यात पाणीच शिरावे लागते. मेकॅनिकने ते दोन बोटांत चोळून पाहिले, बोटे पुसली आणि विचारले, "पाण्यात कधी घातली होती?" मी आठवून सांगितले की त्याला अडीच महिने होऊन गेले. त्या अडीच महिन्यांत मी त्याच एक्सलवर काही हजार किलोमीटर गाडी चालवली होती, आणि शेवटच्या पंधरवड्यात मागून येणारी घरघर टायरची असावी, अशी स्वतःची समजूत घालत होतो.

ओढा ओलांडला त्या दिवशी खंत वाटावी असे माझ्या गाडीच्या बाबतीत काहीच घडले नव्हते. सकाळी जाताना मी बूट घालून, हातात काठी घेऊन अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत चालत गेलो होतो. पाणी मांडीच्या खालपर्यंत होते, तळ गोट्यांचा आणि टणक होता, ओढ फारशी नव्हती. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या मंद गिअरमध्ये) दुसरा गिअर टाकून, मध्ये कुठेही क्लच न दाबता, माणसाच्या चालीने गाडी पलीकडे चढवली. संध्याकाळी परतताना पाणी तेवढेच होते, वाट ठाऊक झाली होती, त्यामुळे तासाभराच्या घाटरस्त्याने तापलेली गाडी मी क्षणभरही न थांबवता तशीच पाण्यात उतरवली. इंजिन एकदाही अडखळले नाही. काठावर आल्यावर एअर फिल्टर उघडून पाहिला, तो कोरडा होता, आणि तेवढ्यावर मी समाधान मानले.

डिफरन्शियल म्हणजे तेलाने अर्धवट भरलेली बंद पेटी असते आणि उरलेल्या जागेत हवा असते. रस्ता लांबचा आणि चढणीचा असेल तर ही पेटी चांगलीच तापते. आतली हवा 80 अंश सेल्सिअसवर असताना पेटी 25 अंशांच्या पाण्यात बुडाली, तर ती हवा थंड होत सुमारे 15 टक्क्यांनी आकसू पाहते, आणि जिथून फट मिळेल तिथून बाहेरचे आत ओढून घेते. हवेच्या या ये-जा करण्यासाठीच एक्सलवर ब्रीदर बसवलेला असतो. तो एक्सलवरच असेल तर पाण्यात बुडतो. चिखलाने बुजला असेल तर असून नसल्यासारखा होतो, आणि मग सगळी ओढ ऑइल सीलवर येते. सीलची कड तेल आतच राहावे या बेताने घडवलेली असते. आतून दाब आला की ती शाफ्टला अधिक घट्ट बसते, पण बाहेरून आत ओढ लागली की तीच कड हलकेच उचलली जाते आणि पाण्याला वाट देते. माझ्या गाडीचा ब्रीदर नळीने वर इंजिनाच्या कप्प्यात नेलेला होता, म्हणून मी त्या बाजूने निश्चिंत होतो. पण एक्सलवरच्या नळीला, क्लिपच्या अगदी खाली, नखाएवढी चीर पडलेली होती, आणि ती बोट फिरवल्याशिवाय दिसतही नव्हती.

आत शिरलेले पाणी लगेच काही बिघडवत नाही, आणि यातच त्याचा खरा धोका आहे. गिअरच्या दात्यांमध्ये आणि बेअरिंगच्या रोलरखाली तेलाचा जो पातळ थर धातूला धातूपासून वेगळा ठेवतो, तो थर पाणी मिसळलेल्या तेलात टिकत नाही. गाडी चालू असताना झीज होते आणि उभी असताना, तेलापासून वेगळे होऊन तळाशी साचलेले पाणी गंज चढवत राहते. माझे पिनियन बेअरिंग काढले तेव्हा त्याच्या रोलरवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेले होते. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य दातेरी गिअर, वाचले, सील आणि बेअरिंग बदलावी लागली. मेकॅनिकच्या मते आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर तेही वाचले नसते, आणि ते दाते पाहिल्यावर मला त्याचे म्हणणे पटले.

त्याच संध्याकाळी माझ्या मागून येणाऱ्या मित्राच्या गाडीचे नुकसान मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. तो माझ्यापेक्षा बराच वेगाने पाण्यात शिरला, पाण्याची भिंत बॉनेटवर चढली आणि ओढ्याच्या मध्यावर इंजिन बंद पडले. इथपर्यंत कदाचित फारसे काही बिघडले नसावे. पण पाण्यात अडकल्यावर माणसाचा हात आपसूक किल्लीकडे जातो, तसा त्याचाही गेला. मी काठावरून "किल्ली फिरवू नकोस!" असे ओरडेपर्यंत स्टार्टर अर्धा फेरा फिरून थांबला होता, आणि आतून एक बोथट ठोका ऐकू आला होता.

तो ठोका कशाचा असतो, हे आकड्यांत मांडले की चांगले समजते. 2 लिटरच्या, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर 500 घनसेंटिमीटरचा असतो. कॉम्प्रेशनचे प्रमाण 16 ला 1 असेल, तर पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त 33 घनसेंटिमीटर जागा उरते. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, कारण ती दाबता येते. पाणी दाबता येत नाही. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी आत गेले की पिस्टनला वर येण्यापुरती जागाच राहत नाही, आणि क्रँकशाफ्टचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. 10 ला 1 प्रमाणाच्या पेट्रोल इंजिनात हीच जागा 55 घनसेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ते थोडे अधिक सोसते, इतकाच फरक. पाणी शिरण्याच्या क्षणी इंजिन मंद फिरत असेल तर ते नुसते बंद पडते आणि रॉड वाचण्याची शक्यता असते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 25 वेळा श्वास घेत असतो, आणि तशा वेळी रॉड ब्लॉक फोडूनही बाहेर येऊ शकतो.

म्हणून पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही, ही एकच गोष्ट कुणी माझ्याकडून घ्यावी असे मला मनापासून वाटते. इग्निशन बंद करावे, गाडी शक्यतो आलो त्याच बाजूला मागे ओढून घ्यावी, मग एअर फिल्टर उघडावा. कागद ओला असेल किंवा डब्यात पाणी असेल, तर पाणी पुढेही गेले आहे असेच समजावे. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग काढून, इंधनपुरवठा तोडून, आधी पान्याने क्रँक हाताने फिरवावा. मोकळ्या भोकांतून पाणी पिचकारीसारखे उडते, तेव्हा तोंड त्यांच्यासमोर ठेवू नये. हाताने दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाल्यावरच स्टार्टर लावावा. एवढे करून इंजिन सुरू झाले तरी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय दूरच्या प्रवासाला निघू नये. किंचित वाकलेला रॉड आखूड होतो, त्याचा पिस्टन पूर्ण वर येत नाही, आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा कमी भरते. असे इंजिन कित्येक दिवस जवळजवळ सुरळीत चालते आणि नंतर एकाएकी तुटते. माझ्या मित्राच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा रॉड उघड्या डोळ्यांनी दिसेल इतका वाकला होता, त्यामुळे निदान संशयाला जागा उरली नाही.

स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी, असता तर हे टळले असते का, असे मला अनेकांनी विचारले. हवा वरून घेतली तर इंजिनात पाणी जाण्याची शक्यता कमी होते, हे खरेच आहे. परंतु स्नॉर्कल बसवला की गाडीला पाण्यात हवे तितके खोल उतरण्याचा परवाना मिळतो, अशी जी समजूत आहे ती मला धोक्याची वाटते. बाजारात मिळणारे बरेच स्नॉर्कल मुळात धूळ टाळण्यासाठी हवा उंचावरून घेतात. त्यांचे सांधे पाण्यासाठी सीलबंद केलेले असतीलच असे नाही. शिवाय एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी आणि धूळ निघून जावी म्हणून अनेक गाड्यांत छोटे भोक किंवा रबरी झडप असते, आणि डबा पाण्याखाली गेला की त्याच वाटेने पाणी आत येते. आणि हे सगळे नीट केले तरी डिफरन्शियल, गिअरबॉक्स, अल्टरनेटर, स्टार्टर आणि सीटखालचे इलेक्ट्रॉनिक्स यांना स्नॉर्कलचा काहीही उपयोग नसतो.

गाडी किती खोल पाण्यात चालेल, याचा आकडा कंपन्या देतात: महिंद्रा थारच्या 2020 मधील पिढीसाठी 650 मिमी, जीप रँग्लरसाठी सुमारे 760 मिमी, आणि नव्या लँड रोव्हर डिफेंडरसाठी, एअर सस्पेन्शन उंचावलेले असताना, 900 मिमी. हे आकडे जमिनीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे असतात आणि संथ पाणी व मंद गती गृहीत धरलेली असते. वाहत्या पाण्यात तेच पाणी गाडीच्या एका अंगाला चढते आणि वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

त्याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे तरंगणे. गाडीचा तळ ढोबळमानाने 4 मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद धरला, तर पाणी तळाच्या वर 10 सेंटिमीटर चढले की सुमारे 680 लिटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजेच गाडी 680 किलोने हलकी होते. दारांची रबरे चांगली असतील आणि पाणी आत शिरत नसेल, तर तळाच्या वर 30 सेंटिमीटर पाण्यात दोन टनांची गाडी उचलली जाते. तळ जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर असेल तर ही खोली 70 सेंटिमीटर झाली, म्हणजे प्रौढ माणसाची मांडीच. त्याच्या बऱ्याच आधी टायरची पकड सुटू लागते, आणि चारही चाके फिरत असूनही गाडी प्रवाह नेईल तिकडे सरकते. म्हणूनच ज्या पाण्यात मला स्वतःला पाय रोवून उभे राहता येत नाही, किंवा ज्याचा ठाव काठीला लागत नाही, त्यात मी गाडी घालत नाही. गढूळ आणि पुराच्या पाण्यात तर चालत जाऊन पाहणेही जिवावर बेतू शकते, तेव्हा तिथून माघारी फिरणे एवढाच पर्याय उरतो.

पाण्यात शिरताना हळू आणि शिरल्यावर एकसारखे जावे. माणसाच्या चालीने चालणारी गाडी आपल्यापुढे एक लाट ढकलत नेते आणि त्या लाटेमागे, इंजिनाच्या कप्प्यात, पाण्याची पातळी थोडी खाली राहते. मध्येच थांबले की लाट परत येते, जोरात गेले की ती बॉनेटवर चढते. क्लच दाबला तर प्लेटमध्ये पाणी जाऊन ती घसरू लागण्याची भीती असते, म्हणून गिअर काठावरच निवडलेला असावा. जुन्या गाडीत पंखा बेल्टवर चालत असेल, तर पाण्यात त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

पलीकडे पोहोचल्यावर ओले ब्रेक हलके दाबत काही अंतर सावकाश जावे, म्हणजे ते सुकतात. ड्रममध्ये वाळू अडकते, तेव्हा ड्रम उघडून धुतलेलेच बरे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांत नवे ग्रीस भरावे, पायाखालचा गालिचा उचलून त्याखालचा स्पंज दाबून पाहावा. वरून कोरडा भासणारा हा स्पंज कित्येक आठवडे पाणी धरून ठेवतो आणि त्याखालून जाणारे वायरिंगचे जोड हिरवे पडू लागतात. पाणी खारे असेल तर यातले काहीही दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आता मी काठावर निदान वीस मिनिटे थांबतो. चाकाच्या हबवर आणि डिफरन्शियलच्या पोटावर हात ठेवून पाहतो आणि हात सहज ठेवता येईपर्यंत पाण्यात उतरत नाही. ब्रीदरची नळी सगळी बदलली आहे आणि दर वेळी तिच्यावरून बोट फिरवतो. घरी आल्यावर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवतो, कारण पाणी तेलापेक्षा जड असते आणि स्वस्थ राहिले की त्यातले बरेचसे तळाशी उतरते. सकाळी गाडी न हलवता पुढचा आणि मागचा ड्रेन प्लग एकेक करून दोन आटे सैल करतो आणि खाली काचेची बरणी धरतो. मागच्या रविवारी, गुडघाभर पाण्यातून येऊन एक रात्र गेल्यावर, दोन्ही बरण्यांत थेंब थेंब मधाच्या रंगाचे तेल जमले. बरण्या उजेडात धरून पाहिल्या, तळाशी काही नव्हते. प्लगला नवे वॉशर लावून ते घट्ट केले.