आठ डागांचे तेरा झाले तेव्हा… एमएस आणि एमआरआयचा माझा अनुभव

मार्च महिना होता, वर्षाचं तिखट करायचं म्हणून भिवापुरी मिरची अंगणात वाळू घातली होती. डाव्या डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटलं म्हणून उजवा डोळा हातानं झाकून पाहिलं तर सगळी मिरची विटलेली, जुन्या धुतलेल्या लुगड्यासारखी. डावा झाकला की लालभडक. डोळा फिरवला की आत ठणकायचं. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, डोयात काई गेलं का?" पाणी मारलं, फडक्यानं शेकलं, काही फरक नाही, आणि चार दिवसांत त्या डोळ्यानं मोबाईलची अक्षरंही दिसेनात.

आमचं गाव घाटंजीकडं. यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले डोळा चांगला आहे, मागच्या नसेला सूज आहे, ऑप्टिक न्यूरायटिस, मेंदूचा एमआरआय करून घ्या. याआधी हातापायाला मुंग्या, बधिरपणा असं काही झालं होतं का विचारलं, तेव्हा आठवलं की आदल्या वर्षी सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत माझा उजवा पाय पंधरा दिवस बधिर होता, आम्ही नस दबली समजून तेल चोळत बसलो होतो.

पहिला एमआरआय. मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना सगळं काढून ह्यांच्या रुमालात बांधलं. डोक्यावर जाळीसारखं बसवतात, कानात बोळे घालतात, हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलं तर दाबायचा. आवाज फार मोठा असतो, ठकठक, मग घर्रर्र, पण दुखत काहीच नाही. मधेच शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देतात, ते हातातून गार गार चढत गेलेलं मला कळलं. रिपोर्टमध्ये आठ पांढरे डाग, त्यातल्या एकानं कॉन्ट्रास्ट धरलेला.

नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टनी त्या एकाच डागावरून पुष्कळ सांगितलं. ताजी सूज असली की रक्तातून औषध तिथं झिरपतं, हे काही आठवडेच चालतं, मग बंद होतं. म्हणजे हा डाग ताजा आणि बाकीचे जुने, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी. हा आजार ओळखायचे मॅकडोनाल्ड निकष म्हणून आहेत, त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत हेच बघायचे, आणि असाच दिसणारा दुसरा आजार नाही ना तेही. नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनावर उलटते. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइडची सलाईन घेतली, डोळा बराचसा परत आला, कायमची औषधं सुरू झाली.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहून राहिले. वर्षभरानं मे महिन्यात परत डोळ्यापुढं धुकं आलं, पाय जड झाले, आम्ही घाबरून गेलो. आधीच्या ठिकाणी आठ दिवसांनी नंबर होता म्हणून एमआरआय दुसऱ्या सेंटरला केला. जुनी सीडी पिशवीत होती, काउंटरवर दाखवली तर म्हणाले नको, त्याची गरज नाही. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला, तेरा डाग, आणि खाली लिहिलेलं की मेंदू थोडा आकसलेला वाटतो. एसटीत मी डोक्यावर पदर घेऊन रडत आले. औषध लागू पडत नाही, लेकरू अजून दुसरीत, काय काय मनात येत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही सीडी शेजारी शेजारी लावल्या आणि अर्धा तास दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाले, ताई, स्कॅनमध्ये मेंदूचे थराथरानं फोटो काढतात, पहिल्या स्कॅनचे ते काप पाच मिलीमीटरचे होते आणि मधे थोडी जागा सोडलेली, ह्या मशीनवर एक मिलीमीटरचे, थ्रीडी फ्लेअर म्हणतात त्या प्रकारचे, त्यात डाग जास्त स्पष्ट दिसतात. पाच "नव्या" डागांपैकी तीन जुन्या स्कॅनमध्ये पुसट का होईना होतेच, दोन बहुतेक कापांच्या मधे निसटले असतील, छातीठोक सांगता येत नाही. पण कॉन्ट्रास्ट एकानंही धरला नाही. आणि धुकं उन्हामुळं. ज्या नसेला आधी इजा झाली तिच्यातून अंग तापलं की संदेश नीट जात नाही, उथॉफ म्हणतात त्याला, अंग थंड झालं की परत येतं. आणि खरंच, कूलरसमोर ओला टॉवेल मानेवर ठेवून बसले की तासाभरात दिसायचं. विदर्भात एमएस असणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे.

मग मी विचारलं की डाग मोजूनच सगळं ठरतं का. ते नाही म्हणाले. पांढरा डाग एवढंच सांगतो की तिथं काहीतरी झालं, सूज आली, मायलिनचं वेष्टन गेलं की आतला तंतूच तुटला, सगळं सारखंच पांढरं. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या पऱ्हाटीतही बांधावरून बघितलं तर पाणी साचलेला पट्टा आणि लाल्या आलेला पट्टा सारखाच लालसर दिसतो, आत शिरून झाड हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आत शिरायचं म्हणजे टी-१ प्रकारच्या चित्रात बघायचं. तिथं काही डाग काळे दिसतात, ब्लॅक होल म्हणतात. ताजे काळे डाग पुष्कळदा काही महिन्यांत भरून येतात, सहा महिने उलटूनही काळाच राहिला तर तिथले तंतू बरेच गेलेत असं धरतात. माझ्यात असा एक आहे. एकच.

आणि डाग नसलेला, चांगला दिसणारा भागही सूक्ष्म पातळीवर बिघडलेला असू शकतो. तो बघायला एमटीआर, डीटीआय अशी मापं आहेत, पण ती जास्त संशोधनात वापरतात, आपल्यासारख्यांच्या रोजच्या रिपोर्टमध्ये नसतात.

आकसण्याचं विचारलं तर म्हणाले निरोगी माणसाचाही मेंदू वर्षाला थोडा कमी होतोच, एमएसमध्ये वेग जास्त असतो, पण तीही घट वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच, ती नजरेनं आणि दोन वेगळ्या मशीनवरून ठरवू नये. अंगात पाणी कमी असलं तरी माप बदलतं. त्या दिवशी मी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, लघवी थांबत नाही, एसटीत कुठं जायचं, म्हणून. हे बोलायची लाज वाटत होती पण सांगितलं, आणि बरं झालं सांगितलं, त्यावरही गोळी मिळाली.

ठरलं असं की हा दुसरा स्कॅन नवा पाया धरायचा, इथून पुढं हेच मशीन, हेच काप. औषध बदललं नाही. पुढच्या वेळी मी आधी फोन करून विचारलं, थ्रीडी फ्लेअर करता ना, जुन्या स्कॅनशी तुलना लिहून देता ना, नसेल तर सांगा. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्टाफ आहात का?" मी म्हटलं पेशंट आहे. सकाळी पोटभर पाणी पिऊन निघाले, मधे दोनदा गाडी बदलली.

रिपोर्ट ह्यांनी उघडला आणि शेवटून वाचायला लागले, मी म्हटलं थांबा, आधी वरची ओळ. तिथं जुन्या स्कॅनची तारीख होती, तिच्याशी तुलना केली असं लिहिलेलं, मग खाली, नवीन डाग नाही. सीडीवर तारीख मार्करनं लिहून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावून ठेवली.