आमची वाटचाल: दहाच्या आत घरी

याइलो हे नॉर्वेतलं, ओस्लो–बर्गन रेल्वेवरचं डोंगरातलं गाव. हार्डांगरविद्दाचं पठार इथून जवळच. या पठाराच्या कडेला आम्ही लोकांना कुत्र्यांमागे स्की करायला शिकवतो. मूळ नॉर्वेजियन शब्द ‘शीशोरिंग’, म्हणजे स्कीवरून हाकणं. कुत्र्याला हार्नेस, आपल्या कमरेला रुंद पट्टा आणि मधे अडीच-तीन मीटरची, झटका सोसणारी लवचिक दोरी. स्लेज नाही, लगाम नाही. डावं-उजवं तोंडाने सांगायचं आणि पाय आपले आपण मारायचे.

मी आणि नवऱ्याने २०१३ साली चार अलास्कन हस्की कुत्र्यांवर सुरुवात केली. मी वाईकडची, घरी बैल होते. बेंदराच्या आधी वडील त्यांचे खांदे हळद-तुपाने मळायचे, जू कुठे लागलंय का ते बोटांनी चाचपायचे. फेरी संपली की मी प्रत्येक कुत्र्याच्या काखेत हात घालून हार्नेस घासलाय का पाहते, ते तिथूनच आलं.

जानेवारीत इथे दिवस लहान, थंडी कडक, गिऱ्हाईक थोडं. खरा धंदा ईस्टरला. तेव्हा निम्मं नॉर्वे डोंगरातल्या लाकडी घरांत येऊन राहतं, असं वाटतं. पण वसंतातला बर्फ वेळ पाहून वागतो. दिवसा उन्हाने तो वितळतो, रात्री गोठतो आणि पहाटे वर कडक पापुद्रा धरतो. त्याला ‘स्कारे’ म्हणतात. तो माणसाला आणि कुत्र्याला सहज पेलतो. आखलेली वाट लागत नाही, पठारावर नजर जाईल तिकडे जाता येतं. ऊन चढलं की त्याचाच चिखल होतो. कुत्रा छातीपर्यंत रुततो, आणि तापतोही. त्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापांनी. उणे पंधरात मजेत पळणारा हस्की अधिक पाचला थकतो.

हे मला माहीत होतं, तरी २०१६च्या एप्रिलमध्ये मी चुकले. पाहुणे उशिरा आले. पैसे भरलेले, म्हणून साडेअकराला निघालो. पुढे तारा होती, काळ्या अंगाची. तिची दोरी सैल पडलेली मी पाहिली आणि तरी दहा मिनिटं पुढे गेले. मग तिचे मागचे पाय लटपटले. तिला बर्फावर पोटावर निजवलं, थोडंथोडं पाणी पाजलं, सामानाच्या पुल्कावर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या छोट्या घसरगाडीवर, घालून खाली आणलं. ती वाचली. त्या रात्री मी तिच्याजवळ खाली बसून होते.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला: साडेपाचला निघायचं, दहाच्या आत घरी. रात्री गोठलं नाही तर फेरी रद्द, पैसे पूर्ण परत. त्या वसंतात तिसरा हिस्सा बुकिंग गेलं. नवरा हिशेबाची वही मिटून म्हणाला, “जाऊ दे.” नियम तसाच राहिला.

बाकीचं हळूहळू बसत गेलं. स्कारे पंजे कापतो, म्हणून प्रत्येक पायाला कापडी बूट. धातूच्या कडांची स्की आम्ही देत नाही. कुत्रा खाली आला तर चिरतो. निघण्याआधी मांसाचं कोमट पाणी, कारण नुसतं पाणी ते पीत नाहीत. १ एप्रिलपासून कुत्रे मोकळे सोडायला कायद्याने बंदी असते, पण आमचे तर कमरेलाच बांधलेले. रानटी रेनडिअरच्या माद्या जिथे विण्यासाठी जातात, तो भाग मात्र आम्ही आपणहून टाळतो.

२०२०च्या ईस्टरला आपल्याच डोंगरातल्या घरी मुक्कामाला जायलाही सरकारने मनाई केली होती. गाव रिकामं, आणि कुत्र्यांना रोज खायला हवंच. त्या वर्षी साठवलेलं सगळं संपलं.

आज अकरा कुत्रे आहेत. ओस्लो, स्टावांगरकडची मराठी कुटुंबंही येतात. पोरं दोरीला लागली की आयांचा जीव वर-खाली होतो. तारा आता म्हातारी झाली, दारातल्या उन्हात झोपते.

यंदा येणाऱ्यांनी आदल्या रात्री नऊला झोपावं. पहाटेचा चहा आमच्याकडे.